पेडल खाली जात होतं : मास्टर सिलिंडर बदलल्यानंतरचे काही महिने

आधी निकाल सांगतो. जुन्या पेट्रोल हॅचबॅकला अख्खा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) आणि मागच्या दोन्ही चाकांचे व्हील सिलिंडर (त्या ऑइलच्या दाबानं चाकातला ब्रेक लावणारे) नवे टाकले, ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. त्यावर साताऱ्याचा एक पावसाळा आणि कासचा फुलांचा सीझन निघाला, आता रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्यात. पेडल काम झालं तेव्हा जिथं लागत होतं, तिथंच लागतंय. पैसे वसूल.

पण खरं सांगायचंय ते त्याच्या आधीचं. ‘ब्रेक लूज लागतोय’ म्हणून गॅरेजला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘हवा धरलीय, काढून देतो.’ हवा काढतात, थोडे दिवस बरं वाटतं, की पुन्हा येरे माझ्या मागल्या. अहो, ब्रेक ऑइलची लाइन सगळीकडून सीलबंद असते. हवा शिरलीच असेल तर कुठून शिरली, हे नको का बघायला?

पेडल मऊ म्हणजे नेमकं कसं मऊ, हे पाना हातात घेण्याआधी पायानंच बरंचसं कळतं. लिबलिबीत लागतंय आणि दोन-तीनदा पंप केल्यावर कडक होतंय, तर बहुतेक हवाच. लिबलिबीत नाही, नुसतंच खोल जातंय आणि दुसऱ्या दाबाला वर लागतंय, तर मागचे ड्रम उघडा. तिथं लायनर झिजलेले असतात, नाहीतर आपोआप गॅप भरून काढणारा अॅडजस्टर गंजून बसलेला असतो. हँडब्रेकसुद्धा वर येतोय का बघा, दोन्ही एकदम झालं असेल तर संशय पक्का. तिसरा प्रकार माझा होता. पोवई नाक्याच्या गर्दीत ब्रेकवर हलका पाय ठेवून थांबलं की पेडल हळूहळू खाली सरकायचं. बाहेर कुठं थेंब नाही, चाकं आतून कोरडी. जोरात ब्रेक मारला की मात्र व्यवस्थित लागायचा. म्हणून तर गॅरेजवाल्याला राउंड मारून काही सापडत नव्हतं. मास्टर सिलिंडरच्या आतली रबरी सील झिजली की हलक्या दाबाला ऑइल तिच्या कडेनं मागं निसटतं. जोरात दाबलं की सील भिंतीला चिकटते आणि सगळं ठीक वाटतं. तेव्हा तपासताना पाय हलका ठेवा आणि निदान अर्धा मिनिट धरून ठेवा.

बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाच्या दाबाला जोर देणारा डबा) बघायचा तर इंजिन बंद ठेवून पेडल पंप करून कडक करायचं आणि दाबून धरूनच स्टार्टर मारायचा. पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर ठीक. गाडी चालू झाल्यावर एवढं खाली जाणारच, त्याला बिघाड समजू नका.

सिलिंडर खोलला तेव्हा खरी गंमत दिसली. तो बूस्टरला जिथं बसतो, त्याच्या बरोबर खाली बूस्टरचा काळा रंग फुगून पापुद्रे सुटले होते. म्हणजे मागची सीलही गेलेली आणि ऑइल गुपचूप बूस्टरकडे झिरपत होतं. टाकीतली पातळी का उतरतेय याचा उलगडा झाला. (पॅड झिजले तरी पातळी थोडी उतरते, पण इतकी भराभर नाही.) मिस्त्री म्हणाले, ‘नुसतं नव्या सीलचं किट टाकू का? काहीशे रुपयांत होईल.’ मी आत टॉर्च मारला. बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या, ज्या भागापर्यंत पिस्टन रोज जात नाही, तिथं गंजाचे ठिपके होते. त्यावरून नवी सील फिरली तर तीही फाटणार. जुन्या गाडीची हवा काढताना पेडल फ्लोअरपर्यंत दणादण दाबायचं नाही, तेही याचसाठी. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. काही हजार गेले, पण अख्खा सिलिंडर घेतला.

हवा घरीच काढली. पुतण्या पेडलवर, मी चाकाशी. ‘दाब… धर… सोड.’ निपल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) बंद केल्याशिवाय त्यानं पाय उचलायचा नाही, एवढी एकच शिस्त. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, त्यामुळे ते बहुधा मागचं डावं. पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. निघालेलं जुनं ऑइल कडक चहाच्या रंगाचं होतं. आणि हो, हे ऑइल बॉडीच्या रंगावर सांडू देऊ नका, सांडलंच तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उठतो.

ऑइल डॉट ४ ग्रेडचं टाकलं, टाकीच्या झाकणावर तेच लिहिलंय. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर तोच १५५ वर येतो. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. ब्रेक तापून ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं, म्हणून हे आकडे बघायचे. ऑइल हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं ठरवलंय. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरताना पुढे भरलेला टेम्पो असला की ब्रेकवर पाय राहतोच. पूर्वी खालच्या वळणांवर पेडल आणखी मऊ व्हायचं, आता होत नाही. अर्थात दुसरा गिअर टाकून उतरतो. पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून न्यूट्रलवर घाट उतरणारे महाभाग अजून भेटतात. बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि मग पेडल हलता हलत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

तक्रार एकच. पावसाळ्यात रात्रभर गाडी उघड्यावर राहिली की मागचे ड्रम सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला कुईं करतात. पुढचे रबरी होज पाइप अजून जुनेच आहेत. वाकवून पाहिले, चिरा दिसल्या नाहीत, पण पुढच्या वेळी ऑइल बदलताना तेही बदलणार आहे.