जुन्या सागाच्या नावाखाली रंगवलेल्या फळ्या

वाईतल्या आमच्या वाड्यात माडीवर सागवानी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत आहे. कौलं फुटून पाणी मुरलं आणि मधल्या खोलीतल्या काही फळ्या कुजल्या. नऊ इंच रुंदीची, एका कडेला खाच आणि खाचेलगत बारीक गोलाई असलेली ही फळी आता तयार मिळत नाही. नवीन लाकूड घातलं की ठिगळ लगेच डोळ्यांत भरतं. म्हणून पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडे चौकशी केली.

त्यातल्या एकाने आमच्या फळीचा फोटो मागवला आणि लगोलग तश्शाच फळ्यांचे फोटो पाठवले. "पेठेतला वाडा उतरवलाय दादा, अस्सल बर्मा टीक. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे." अर्धे पैसे आगाऊ, उरलेले टेम्पोतून माल उतरवण्याआधी, अशी त्याची अट. टेम्पो आला तो दिवेलागण झाल्यावर. वरच्या फळ्या खरोखर जुन्या होत्या, वजनदार, सागाचा तो तेलकट वास असलेल्या. ड्रायव्हरला परतायची घाई. उरलेले पैसे दिल्याशिवाय तो दोरी सोडेना.

सकाळी सुतारकाकांनी गठ्ठा सोडला. आतली एक फळी घेऊन रंध्याचा एकच हात मारला आणि काळपट रंगाखालून पांढुरकं, हलकं लाकूड निघालं. साग नव्हताच तो. खिळ्यांची भोकंही बनावट. जुन्या वाड्यांत लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे असतात. त्यांच्या गंजाने भोकाभोवतीचं लाकूड आतपर्यंत काळं पडतं. इथे ड्रिलने पाडलेली गोल, स्वच्छ भोकं होती आणि त्यांत काळा रंग भरला होता. खाच तर नुकतीच पाडलेली, तिच्या तळाशी रंगसुद्धा पोचला नव्हता.

मापातही मारलं. आठ फूट लांब, नऊ इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. पैसे त्याच हिशेबाने घेतले. फळ्या भरल्या पाऊण इंच, म्हणजे रुपयामागे चार आण्यांचं लाकूड जागेवरच गायब.

फोन केला तर "जुन्या मालाला गॅरंटी नसते" म्हणाला आणि नंतर नंबरच ब्लॉक केला. हातात होती ती चिठ्ठी, तिच्यावर फक्त "लाकूड" आणि रक्कम. जातीचा उल्लेख नाही, मापाचा नाही. मला सगळ्यात संताप याचा येतो की हे लोक गरज नेमकी हेरतात. घर जपू पाहणाऱ्याला दुसरीकडे तसा माल मिळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

फोटोवरून असा माल घेऊ नका. वखारीत जा, सुताराला सोबत न्या, दिवसाउजेडी. प्रत्येक फळीची मागची बाजू पटाशीने खरवडून घ्या, टोकाकडून नखभर तुकडा कापायला लावा. जो विक्रेता कापू देत नाही त्याच्याकडून उठा. जाडी स्वतः मोजा. पक्क्या बिलावर "जुना साग", लांबी-रुंदी-जाडी आणि घनफूट लिहून घ्या. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, आणि शेवटचा हप्ता फळ्या उतरवून तपासल्यावरच.

फसला असाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. यूपीआयची नोंद, चॅट, फळ्यांचे फोटो यांच्यासह मी तक्रार दिली आहे. निकाल यायचा आहे.

छताचं काम मात्र सुतारकाकांनी मार्गी लावलं. माडीच्या मागच्या अडगळीच्या खोलीला तीच तक्तपोशी होती. तिथल्या चांगल्या फळ्या काढून त्यांनी मधल्या खोलीत बसवल्या आणि अडगळीच्या खोलीत साधं नवीन लाकूड घातलं. बाहेर शोधायला निघण्याआधी आपल्याच घराचे माळे, कोठ्या, जिन्याखालची जागा नीट बघा.