यूव्ही मशीन असणाऱ्यांनी एच टू एस बाटली घेऊनच ठेवा

ज्यांच्या घरी यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांचं, पाणी मशीन हाय त्यांच्यासाठी लिहून राहिलो. आमच्या दारव्ह्याकडं निळा लाइट लागला म्हणजे पाणी शुद्ध, असं समजतात सगळे. तसं नाही बाप्पा. दिवा जुना झाला तरी डोळ्याला तेवढाच निळा दिसते, पण जंतूला मारणारे 254 नॅनोमीटरवाले किरण कमी होऊन जातात, त्यात आपलं बोअरचं पाणी जड, आतल्या काचेच्या नळीवर पांढरा थर धरते, अन् पावसाळ्यात गढूळ आलं तं मातीच्या कणामागं जंतू वाचतात.

टीडीएस मीटर फक्त क्षार सांगते, जंतू नाही. जलसुरक्षक करतो ती ओटी टेस्ट क्लोरीनची, अन् यूव्ही मशीन पाण्यात क्लोरीन टाकतच नाही. मंग तपासायचं कशानं? तं एच टू एस बाटलीनं, म्हणजे जंतूंनी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड (एच टू एस) वायू सोडला तं काळी पडणाऱ्या बाटलीनं. पद्धत आपल्याच देशातली हाय, 1982 मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मांडलेली. आत औषध लावलेली पट्टी असते, मशीनची तोटी पुसायची, थोडं पाणी वाहू द्यायचं, मंग खुणेपर्यंत भरून 24 ते 48 तास ठेवायची. काळी पडली तं पाण्यात शौचातून येणारे जंतू असायची शंका धरा अन् पाणी उकळून प्या.

मला सर्वात पटलं ते हे, की यूव्हीनं जंतू फुटत नाही, त्याचा डीएनए बिघडते अन् त्याची वाढ थांबते, अन् ही बाटली वाढणारे जंतूच दाखवते. आमच्या मशीनची बाटली काळी झाली, सर्व्हिसवाला म्हणे लाइट चालू हाय नं, काही प्रॉब्लेम नाही. दिवा बदलायला लावला, नळी साफ करायला लावली, मंग पुढची बाटली काळी पडली नाही. लेकरं पितात ते पाणी, त्याच्या शब्दावर कसं सोडू?

कमी काय, तं जंतू किती हे समजत नाही, अन् बोअरच्या पाण्यालाच सडक्या अंड्यासारखा वास असला तं उगीच काळी होऊ शकते. साफ राहिली म्हणून शंभर टक्के खात्री नाही, वर्षातून एकदा लॅबमध्ये द्याच. 100 मिलीत ई. कोलाय (शौचातून येणारा जंतू) एकही नको, असा नियम हाय. फ्लोराइड तं ना यूव्हीनं जाते ना या बाटलीत दिसते, यवतमाळवाल्यांनी ते वेगळं तपासा.

थंडीत बाटली गोधडीत गुंडाळून ठेवा, मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका. एक्स्पायरी बघून घ्या. काळी झालेली बाटली पोट्ट्यांच्या हाती देऊ नका, ब्लिचिंग पावडर टाकून मंगच फेका.