लाँगआर्म मशीन: वरून झकास, खालून विचारू नका

दुलया टिपायला घरी लाँगआर्म घेतलंय, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या कापडावरून फिरवायचं लांब हाताचं शिलाई मशीन. त्याबद्दल वर्ष झाल्यावर सावकाश लिहिणार होते. पण परवा दुलईच्या चार शिवणी एकत्र येतात तिथल्या जाड गाठीवर सुई मोडली आणि शटलचं, म्हणजे खाली फिरून सुईचा दोरा पकडणाऱ्या भागाचं, टायमिंग हललं. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणे, मशीनचं डोकं फ्रेमवरून काढा, मूळ खोक्यात घाला आणि पाठवून द्या, जाण्यायेण्याचं भाडं तुमचं. मूळ खोकं! दहा फुटी फ्रेम मावावी म्हणून आमचं जेवणाचं टेबल पोर्चमध्ये गेलंय. तिथे रिकामी खोकी कोण सांभाळणार? "माहितीपत्रकात लिहिलंय मॅडम." शोधून थकले, कुठेही लिहिलेलं नाही.

इंदूरला रेडीमेडचे कारखाने काय कमी आहेत? तिथल्या मशीनी दुरुस्त करणारा कारागीर घरी बोलावला. लाँगआर्म त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "आंटीजी, शटल तो शटल है," म्हणाला आणि बसला. सुई तळ गाठून दोन-अडीच मिलिमीटर वर येते त्या क्षणी शटलचं टोक सुईमागच्या खाचेत, नेढ्याच्या जरासं वर पोचलं पाहिजे, हे चाक हातानं फिरवून त्यानं मलाही दाखवलं. मशीन सुरू. त्याची मजुरी नुसत्या पाठवणीच्या भाड्याहून कितीतरी कमी. वॉरंटीचं आता काय होईल ते होवो.

आता मशीनबद्दल. सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगत होते की स्टिच रेग्युलेटर म्हणजे पैसे काढायची युक्ती. जन्मभर शिवण केलेल्या बाईला टाका मोजायला यंत्र कशाला? आता तसं म्हणणार नाही. घरच्या मशीनवर कापड सरकतं, इथे कापड ताणून बसलेलं असतं आणि मशीन आपण फिरवतो. कोपऱ्यावर हात मंदावतो, सरळ ओळीत पळतो. रेग्युलेटर फ्रेमच्या रुळांवर फिरणाऱ्या मशीनच्या चाकांची हालचाल मोजून इंचाला दहा-अकरा टाके राखतो. फक्त रुळावर दोऱ्याचा तुकडा पडला की चाक घसरतं आणि मध्येच एक लांबडा टाका पडतो. बसण्याआधी, म्हणजे उभं राहण्याआधी, रूळ पुसा.

माझं खरं भांडण खालच्या बाजूशी आहे. आपण वर उभे, अस्तर खाली, आणि दिसत काहीच नाही. वर मोत्यासारखे टाके, आणि रोलरवरून काढून उलटं करावं तर प्रत्येक वळणावर वरचा दोरा खाली ओढला जाऊन झालर लागलेली! रात्र जाते उसवण्यात. म्हणून बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची गुंडी, बदलली की दर वेळी हे करा: बॉबिन केस दोऱ्याला लटकवा आणि हलका झटका द्या. इंच-दोन इंच खाली येऊन थांबली तर ठीक. सरसर जमिनीकडे निघाली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचा तो अगदी केसभर. आधी खालचा ताण, मग वरचा, उलटं कधीच नाही. सरावाला वर लाल आणि खाली पांढरा दोरा घाला, गाठ कुठल्या बाजूला येते ते लपत नाही. एवढं करूनही दर थोड्या वेळानं मी हातआरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन फ्रेमखाली शिरते. या वयात! लाखांच्या वस्तूला खाली एक आरसा बसवायला कंपनीचं काय जात होतं?

अस्तराला घरातली दाट विणीची डबलबेडची चादर फुकट मिळते म्हणून लावू नका. सुई अडते, टाके सुटतात. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधला साधं सुती कापड परवडतं. अस्तर आणि भरण चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त ठेवा, तिथे काटकसर नको. बाघ गावच्या ठशांच्या छपाईचं लाल कापड (बाघ प्रिंट) असेल तर आधी धुऊन घ्या.

सरावाचं म्हणाल तर सगळेजण नागमोडी वेटोळी काढायला सांगतात. आठवडाभरात कंटाळा येतो. सासऱ्यांच्या पेटीत होळकरशाहीतले मोडी कागद होते, त्यावरून मला सुचलं. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घेतात आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं लिहीत जातात. लाँगआर्मला हेच हवं! चॅनल लॉक लावून मशीन फक्त आडवंच सरकेल असं बांधून घेतलं की रेघ सुतासारखी सरळ येते. मग लॉक काढून त्या रेघेखाली अक्षरं. जुन्या चादरींच्या मध्ये पॉलिएस्टरचं भरण घालून मी पानंच्या पानं गिरवली. हाताला वळण लागलं ते यानंच. भाचीला दिलेल्या दुलईच्या काठावर तिच्या पणजोबांच्या पत्रातली ओळ आहे, वाचता कुणालाच येत नाही.

मशीन आपोआप नक्षी काढेल असं कॉम्प्युटरचं जोडकाम घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. ते घेतलं तर मशीन शिकेल, तुम्ही नाही. शिवाय त्याची किंमत ऐकून आमच्याकडे चहाचा कप हातातच राहिला होता.

पाचपैकी साडेतीन. आरसा दिला असता तर चार.