जोसेफ स्मिथ पेपर्स : खाडाखोडीसह खुले झालेले दप्तर

मॉर्मन हा शब्द मराठी वाचकाला बहुधा प्रथम भेटतो तो शेरलॉक होम्समुळे. १८८७ साली आलेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या कादंबरीच्या उत्तरार्धात अमेरिकेतील युटामधील मॉर्मन वस्ती येते. तिथल्या पुढाऱ्यांचा धाक आणि मनाविरुद्ध लग्न लावली गेलेली मुलगी एवढेच चित्र वाचकाच्या मनात उरते. माझ्याही मनात ते कित्येक वर्षे होते. ‘जोसेफ स्मिथ पेपर्स’ हे संकेतस्थळ काही महिने सातत्याने वापरल्यावर ते चित्र किती अपुरे होते हे कळले, म्हणून हा परिचय.

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची रोजनिशी, पत्रे, प्रवचने, सभांची इतिवृत्ते आणि कोर्टाची कागदपत्रे पंथाच्याच इतिहास विभागाने संपादित केली. २००८ ते २०२३ या काळात त्यांचे २७ छापील खंड निघाले. संकेतस्थळावर हा मजकूर विनामूल्य वाचता येतो. मूळ पानाचे छायाचित्र आणि शेजारी त्याचे अक्षरशः उतरवलेले वाचन अशी मांडणी आहे. खोडलेला शब्द खोडलेलाच दाखवला आहे, चुकलेले स्पेलिंग दुरुस्त केलेले नाही, आणि स्मिथ यांचे स्वतःचे हस्ताक्षर ठळक टाइपात वेगळे केले आहे.

अंबाजोगाईत बसून लीळाचरित्र शिकवणाऱ्या माझ्यासारखीला याचे मोल विशेष वाटते. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याची त्याची आठवण विचारून चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. मूळ पोथी धाडीत गेली आणि शिष्यांनी स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध केले, असे परंपरा सांगते. म्हणून आजही आम्ही वर्गात पाठभेद घेऊन बसतो. स्मिथ यांच्याही ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथाची पहिली ११६ हस्तलिखित पाने १८२८ साली मार्टिन हॅरिस यांच्याकडून गहाळ झाली. पुढे याच हॅरिस यांनी शेत गहाण ठेवले आणि त्या आधारावर १८३० मध्ये त्या ग्रंथाच्या ५,००० प्रती छापून निघाल्या.

पाठभेदाचा उत्तम नमुना पाहायचा असेल, तर १८३२ सालचे आत्मवृत्त उघडावे. रानात एकट्याने प्रार्थना करताना स्मिथ यांना झालेल्या ईश्वरदर्शनाची ही सर्वांत जुनी लेखी हकिकत. बराचसा मजकूर स्मिथ यांच्या स्वतःच्या हातचा आहे. वाक्ये धावत सुटलेली आणि विरामचिन्हे जवळजवळ नाहीतच. त्यातच ओळीच्या वर, लेखनिक फ्रेडरिक विल्यम्स यांच्या अक्षरात, ‘वयाच्या सोळाव्या वर्षी’ अशा अर्थाचे शब्द नंतर घातलेले दिसतात. १८३८ नंतरच्या हकिकतीत मात्र पंधरावे वर्ष आहे. ज्या घटनेवर पंथाची श्रद्धा उभी आहे, तिच्याच वर्णनातला हा फरक पंथाने लपवलेला नाही.

वृत्तपत्रांच्या बाबतीत हे दप्तर अधिक अस्वस्थ करते. मिसुरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी १८३८ मध्ये मॉर्मन लोकांना राज्यातून हाकलून द्यावे किंवा नष्ट करावे असा हुकूम काढला. तो अधिकृतपणे रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. असा छळ सोसून इलिनॉयमधील नावू येथे वसलेल्या याच लोकांच्या नगरपरिषदेने १८४४ मध्ये एक छापखाना मोडला. पंथातून फुटलेल्यांनी ७ जूनला ‘नावू एक्स्पॉझिटर’ या वृत्तपत्राचा पहिला आणि शेवटचा अंक काढला, त्यात स्मिथ यांच्या बहुपत्नीत्वावर टीका होती. १० जूनला महापौर स्मिथ यांच्या परिषदेने ते वृत्तपत्र सार्वजनिक उपद्रव ठरवले आणि छापखाना उद्ध्वस्त करवला. २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांची हत्या केली. परिषदेतील चर्चेची टिपणे इथे वाचता येतात. छळ सोसलेला समाज टीका ऐकताना किती कठोर होऊ शकतो, हे मला या टिपणांनी कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक स्पष्ट दाखवले.

उणिवाही आहेत. सगळे इंग्रजीत आहे. छायाचित्रे जड असल्याने आमच्याकडच्या इंटरनेटवर पान उघडायला वेळ लागतो. मोबाईलवर छायाचित्र आणि वाचन शेजारी ठेवून पाहणे कठीण जाते, संगणकच हवा. संपादक पंथाचेच असल्यामुळे टिपांचा सूर कुठे कुठे सांभाळून घेणारा वाटतो, तरी मूळ कागद समोर असल्याने वाचक स्वतः पडताळू शकतो.

मोठी अडचण वेगळीच आहे. हे दप्तर संस्थापकाच्या मृत्यूपाशी थांबते. स्मिथ यांच्यानंतरचे पुढारी ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली १८४७ मध्ये युटातील सॉल्ट लेक खोऱ्यात झालेले स्थलांतर, १८५२ साली मुंबईत येऊन पुढे पुण्यातही पंथाचा प्रचार करणारे ह्यू फिंडले, ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज येथे मॉर्मन शिपायांनी केलेली सुमारे १२० प्रवाशांची कत्तल, यांतले काहीच इथे सापडणार नाही. त्या कत्तलीचा इतिहास १९५० साली नेटाने लिहिला तो स्वतः मॉर्मन असलेल्या ज्युआनिटा ब्रुक्स यांनी. तिथून पुढे वाचकाने त्यांच्याकडे वळावे.

महानुभावांच्या पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत शतकानुशतके बंद होत्या आणि त्या काळात पंथाविषयी बाहेर काय काय बोलले गेले, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. मी १८३२चे ते पान वर्गात पडद्यावर मोठे करून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, वरची ओळ कोणी घातली, हे आपल्या पोथीत असं कळतं का?” पुढचे दोन तास आम्ही लीळाचरित्राच्या पाठांवरच घालवले.