शांती आवेदना सदन, बांद्रा : डॉक्टरांनी "घरी न्या" सांगितल्यावर कुठे जायचं?

टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ज्यांच्या घरचं माणूस आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा. एक दिवस डॉक्टर सांगतात की आता इलाज नाही, घरी न्या, सेवा करा. पण घर परभणीकडच्या खेड्यात, तोंडाच्या कॅन्सरची उघडी जखम, नळीतून जेवण, दुखण्याचं औषध गावात मिळत नाही आणि शेत आधीच गहाण पडलेलं, मग सेवा करायची कशी? माझ्या मामांचं हेच झालं. मामा-मामी दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत होते, तिथेच दुसऱ्या एका पेशंटच्या मुलाने या जागेचं नाव सांगितलं.

माउंट मेरी चर्चजवळ आहे, समोर समुद्र. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ ला सुरू केलेलं भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे इलाज संपलेल्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारी जागा, होली क्रॉसच्या सिस्टर्स (ख्रिस्ती जोगिणी) सांभाळतात, गोव्यात लोटलीला आणि दिल्लीत पण आहे. पैसे घेत नाहीत. डिपॉझिट नाही, बिल नाही, काहीच नाही. याआधी एका खासगी हॉस्पिटलने डिपॉझिट भरल्याशिवाय बेड देणार नाही म्हणून मामींना दारातूनच परत पाठवलं होतं, त्यामुळे इथे त्या सारखं विचारत होत्या की नंतर मागतील का.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुखणं. मामांना आडवं होता येत नव्हतं, रात्रभर उशी पोटाशी धरून बसून राहायचे. इथे मॉर्फीन (जोरदार दुखणं थांबवणारं औषध) घड्याळाप्रमाणे देतात, पेशंट ओरडेपर्यंत थांबत नाहीत, आणि मग मामा झोपले, खरंच झोपले, मामी बाजूला बसून नुसत्या बघत होत्या. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध ठेवायलाच लोक घाबरायचे, २०१४ ला कायदा सुधारला पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये अजून विचारून बघा काय उत्तर मिळतं ते.

दुसरी गोष्ट जखमेची. वासामुळे धर्मशाळेत मामा स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसायचे, तोंडावर टॉवेल. इथल्या सिस्टर ड्रेसिंग करताना नाक-तोंड वाकडं न करता त्यांच्याशी गावच्या पावसाच्या गप्पा मारायच्या.

आता बरेच जण विचारतात ते, की मिशनवाले धर्म बदलायला लावतात का? आमचे मामा माळकरी. ड्रेसिंगच्या वेळी तुळशीची माळ सिस्टर स्वतः अलगद बाजूला करायच्या आणि झाल्यावर नीट परत ठेवायच्या, संध्याकाळी मोबाईलवर हरिपाठ लागायचा, कोणी एका शब्दाने काही बोललं नाही. सिस्टर त्यांची प्रार्थना करतात, ती त्यांची श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेतूनच त्या परक्या माणसाची घाण हाताने काढतात, मला त्याबद्दल फक्त आदर आहे.

हे मात्र आधीच समजून घ्या की इथे केमो, ऑपरेशन होत नाही, बरं करून मिळेल या आशेने नेऊ नका. आम्ही टाटाचं पत्र आणि पूर्ण फाईल घेऊन गेलो होतो, तुम्ही पण आधी फोन करून बेड आहे का आणि कागद काय लागतील ते विचारा. सप्टेंबरात बांद्र्याची जत्रा असेल तर टेकडीवर गाडी चढायला खूप वेळ लागतो, पेशंटला सकाळी लवकर काढा. आणि पेशंट अगदी शेवटाला टेकेपर्यंत थांबू नका, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं की त्याच ओपीडीत पत्र मागून घ्या.