आठ महिने हनुवटीवर कॅमेरा: सगळं जमलं, बटण सोडून

हेल्मेटच्या हनुवटीवर लावलेल्या कॅमेऱ्यातलं परवाच्या बाइक राइडचं फुटेज उघडलं तर तीन क्लिप. पहिलीत पेट्रोल पंप आणि माझ्या टाकीचं झाकण, सात मिनिटं. दुसरीत टेबलावर ठेवलेल्या हेल्मेटला दिसणारी समोरची भिंत आणि अधूनमधून माझं पोट, बावीस मिनिटं. तिसरीत घराचं पार्किंग. ज्या वळणांच्या रस्त्यासाठी पहाटे साडेचारला उठलो, त्याचा एक सेकंदही नाही. थांबलो की रेकॉर्डिंग चालू, निघालो की बंद. पूर्ण दिवस उलटा.

आठ महिन्यांत हे तिसऱ्यांदा झालं, म्हणून लिहायला बसलोय. स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, ती इथे उगाळत नाही.

आधी माझा कंजूषपणा कबूल करतो. कॅमेरा घेण्याआधी दोन महिने फोनच हँडलला लावून शूट करत होतो. बाइक सिंगल सिलिंडर, हँडलची थरथर बोटांना मुंग्या आणणारी. एक दिवस फोनचा कॅमेरा उघडला की चित्र जेलीसारखं हलायला लागलं आणि फोकस कुठेच बसेना. लेन्स स्थिर ठेवणारी आतली नाजूक यंत्रणा गेली होती. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी असं होऊ शकतं, ही सूचना ॲपलने २०२१ मध्येच देऊन ठेवली होती. माझा फोन त्यांचा नव्हता, पण कंपनं काय ब्रँड बघून येतात? तेव्हा ज्यांच्या डोक्यात 'फोन आहे की' चाललंय त्यांनी नकाशासाठीही फोन लावताना मध्ये थरथर शोषणारा रबरी डॅम्पर टाका.

मग ॲक्शन कॅमेरा, म्हणजे बाइकवर-हेल्मेटवर लावायचा छोटा दणकट कॅमेरा, आला. त्याचं स्टॅबिलायझेशन मुख्यतः सॉफ्टवेअरचं, फ्रेमच्या कडा कापून चित्र सरळ करणारं, त्यामुळे तुटायला आत हलणारं काही नाही. तोही मी आधी हँडललाच लावला. बाइक वळणात झुकली की क्षितिज तिरकं होतं, बघायला मजा येते. हौसेने होरायझन लॉक, म्हणजे क्षितिज सरळ धरून ठेवणारं सेटिंग, चालू केलं तर बाइक झुकतच नाहीये असं वाटायला लागलं. इतक्या मेहनतीने घेतलेलं वळण आणि फुटेजमध्ये मी सरळ खांबासारखा. पहिल्याच दिवशी बंद केलं.

छातीचा पट्टा एकदाच वापरला. जरा पुढे वाकलं की अर्धी फ्रेम टाकी. हेल्मेटच्या बाजूला लावला तर वाऱ्याने मान एका बाजूला ओढली जाते, माथ्यावर लावला तर कुणीतरी टपली मारतंय असं वाटतं. शेवटी हनुवटी. डोळ्यांच्या जवळून शूट होतं, हात आणि आरसे फ्रेममध्ये येतात, आणि लेन बदलताना मी मान वळवून मागे पाहिलं की नाही हेही दिसतं. (पाहिलं नव्हतं. दोनदा. फुटेज बघून स्वतःलाच शिव्या घातल्या.)

चिन माउंट, म्हणजे हनुवटीवर कॅमेरा बसवायची बैठक, पट्ट्याचा घेतला, कारण स्वस्त. महिनाभराने तो खाली सरकायला लागला आणि कॅमेरा स्पीडोमीटरचा अभ्यास करायला लागला. मग चिकटवायचा घेतला. इथे घाई करू नका. या जाड फोमच्या डबल टेपची पकड वीस मिनिटांत जेमतेम निम्मी येते, दिवसभराने नव्वद टक्के आणि पूर्ण यायला बहात्तर तास. मी रात्री चिकटवून सकाळी निघालो, आणि कॅमेरा मांडीवर आला. दोरी बांधली होती म्हणून वाचला. दुसऱ्यांदा जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, टेप मिनिटभर दाबून धरली आणि हेल्मेट तीन दिवस कपाटात ठेवलं. त्याला आता सहा महिने झाले, माउंट जागचा हललेला नाही. हेल्मेटला भोक पाडून स्क्रू मात्र कुणी मारू नका. पडलात तर माउंट तुटून निघालाच पाहिजे, डोक्याबरोबर अडकून राहता कामा नये.

आता बटण.

कॅमेरा हनुवटीवर गेला की त्याची स्क्रीन तुम्हाला दिसत नाही. कळायला एकच मार्ग, बीप. सुरू होताना एक, थांबताना तीन. आता कानात इअरप्लग, वर हेल्मेट, खाली इंजिन आणि हातात जाड मोजे. बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो. झालं, गाडी उलट्या रुळावर. त्यानंतर प्रत्येक 'चालू' म्हणजे बंद आणि प्रत्येक 'बंद' म्हणजे चालू, आणि संध्याकाळपर्यंत पत्ता लागत नाही. आवाजी आज्ञा घरात उत्तम चालते. चालत्या बाइकवर वाऱ्यात मी तीच आज्ञा चार वेळा ओरडलो, शेजारच्या गाडीतलं लहान मूल हसलं, कॅमेरा ढिम्म. फोर-के की पाच-के, चित्र किती बारीक यावर एवढी रणं माजतात, पण हातमोज्यातून जाणवेल असं एक धड बटण द्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही?

मेमरी कार्डाबद्दल दोन वाक्यं. सेकंदाला साठ मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला २७ जीबी जातात, म्हणजे १२८च्या कार्डात साडेचार तासांच्या आसपास. व्ही-३० खूण (व्हिडिओ सलग लिहिण्याच्या किमान वेगाची) नसलेलं कार्ड घेऊन मी पैसे वाचवले आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबण्यात ते फेडले.

पॉवर बँक जोडून दिवसभर रेकॉर्डिंग, हा सल्ला मी मित्रांना बराच काळ देत होतो. तो परत घेतो. केबल लावायची तर बॅटरीचं दार उघडं राहतं, आणि दार उघडं म्हणजे वॉटरप्रूफ हा शब्द फक्त खोक्यावर. पाचव्या महिन्यात किरकोळ शिंतोड्यात आत पाणी गेलं. सर्व्हिस सेंटरवाल्याने दार उघडून ओल दाखवली आणि म्हणाला, "साहेब, हे वॉरंटीत बसत नाही." अर्धा तास भांडलो. चूक माझी होती हे मला पंधराव्या मिनिटालाच कळलं होतं, पण तोपर्यंत आवाज चढला होता. दुरुस्तीचे पैसे दिले आणि आता दोन जादा बॅटऱ्या खिशात ठेवतो.

इथपर्यंत लिहून तीन आठवडे झाले. दरम्यान बटणाला उतारा सापडला. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला लाल दिवा आहे, तो मी रात्री डोळ्यात येतो म्हणून पहिल्याच आठवड्यात सेटिंगमधून बंद केला होता. तो चालू केला. आता निघताना जरा वाकून बाइकच्या आरशात स्वतःची हनुवटी बघतो. दिवा लुकलुकतोय म्हणजे चालू. हँडलवरचा रिमोट घेणार होतो, तो खर्च वाचला, त्यामुळे बटणावरचा रागही निम्मा झालाय. वरचं रागातलं तसंच ठेवतो, कारण बटण काही सुधारलेलं नाही.

कालच्या राइडला सिग्नल दर सिग्नल आरशात पाहिलं, दिवा इमानदारीत लुकलुकत होता. घरी येऊन फाइल उघडली, दोन तास सलग, एकही खंड नाही. अकराव्या मिनिटाला लेन्सच्या मधोमध एक किडा आपटला आहे. पुढचा सगळा रस्ता त्याच्या पायांमधून दिसतो.