बॉनव्हिलच्या मिठावर पळणारं इंजिन बनवून घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

अमेरिकेतल्या युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, वेगाच्या विक्रमासाठी पळवायच्या गाडीसाठी आमच्या टीमने एका इंजिन बिल्डरला अठरा हजार डॉलर दिले. त्या पैशांत त्याने आम्हाला जुना, झिजलेला ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) रंगवून दिला. तक्रार अजून चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर लिहितो. इंजिनिअरिंग करून इकडे आलेली आपली मुलं हौसेने अशा टीममध्ये शिरतात, पदरचे पैसे घालतात. त्यांच्यापर्यंत हे पोचायलाच हवं.

तिथे इंजिनाच्या आकारानुसार वर्ग पाडतात; आमचा वर्ग दोन लिटरचा. नियमाप्रमाणे कमाल मर्यादा 122.99 घनइंच, म्हणजे साधारण 2015 सीसी. होंडाचं के20 इंजिन त्यात बरोबर बसतं: बोअर (सिलिंडरचा व्यास) 86 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) तोही 86, एकूण 1998 सीसी. ठरलं होतं ते असं: नवा ब्लॉक, फोर्ज्ड (ओतलेले नव्हे, दाबून घडवलेले) पिस्टन, पिस्टनला क्रँकशी जोडणारे 4340 या मजबूत स्टीलचे एच-बीम रॉड, सगळीकडे नवे बोल्ट, आणि डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चालवून दाखवलेली 290 हॉर्सपॉवर.

अर्धे पैसे त्याने हिवाळ्यातच बँक ट्रान्सफरने घेतले. मग तारखा पुढे पुढे जात राहिल्या. कधी क्रँक आला नाही, कधी मशीन शॉपमध्ये गर्दी. मधूनमधून चकचकीत पार्टचे फोटो यायचे. स्पीड वीक, म्हणजे मिठावरची वेगाची मोठी स्पर्धा, ऑगस्टमध्ये असतो, आणि इंजिन हातात पडलं ते जुलै संपता संपता. हा उशीर त्याच्या धंद्याचाच भाग होता, असं माझं ठाम मत झालं आहे. इंजिन उघडून तपासायला वेळच उरू नये, हा त्याचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग पैशांशी आहे. क्रेडिट कार्डाच्या बिलावर आक्षेप घेताना अमेरिकन कायद्याची जी 60 दिवसांची मुदत धरतात, ती बिल पाठवल्यापासून मोजतात. हिवाळ्यातले पैसे कार्डाने भरले असते, तरी ती उन्हाळ्याआधीच संपली असती. त्यातून इंजिनाच्या क्रेटवर (खोक्यावर) चिकटवलेली चिठ्ठी: सील तोडलं तर वॉरंटी गेली.

मिठावर इंजिनाचे किती हाल होतात ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ड्रॅग शर्यतीच्या पाव मैलात वेगवान गाडीचं काम दहा सेकंदांत आटोपतं. इथे छोटा ट्रॅकसुद्धा काही मैलांचा. आमच्यासारख्या लहान इंजिनाला मिनिटापेक्षा जास्त वेळ पूर्ण थ्रॉटलवर ओढावं लागतं. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 4200 फुटांवर आहे आणि ऑगस्टच्या उन्हात हवा आणखी विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते. शिवाय 10 टक्के जास्त वेग हवा असेल तर हवेच्या विरोधामुळे जवळजवळ 33 टक्के जास्त पॉवर लागते. म्हणून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वाढवायचे. आणि 7500 वरून 9000 वर गेलात की रॉडच्या बोल्टवरचा ताण 44 टक्क्यांनी वाढतो. या जागी जुना बोल्ट घालणं म्हणजे ड्रायव्हरच्या जिवाशी खेळणं आहे. माझा खरा संताप या गोष्टीवर आहे, पैशांवर नाही.

दुसऱ्या मैलातच ऑइल प्रेशर कोसळलं. आमच्या ड्रायव्हरने लगेच क्लच दाबून इंजिन बंद केलं, म्हणून रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला नाही आणि पुरावा शाबूत राहिला. फोन केला तर बिल्डरचं उत्तर तयार होतं: मिठावर इंजिनं जातातच, तुमचं ट्यूनिंग चुकलं असेल, उंचीचा हिशेब धरला नसेल. अशा बिल्डरला मिठाचं गिऱ्हाईक आवडतं ते यासाठीच. तिथे चांगल्या चांगल्यांची इंजिनं खरोखर जातात, त्यामुळे वाईट कामही त्या गर्दीत खपून जातं. 2014, 2015 आणि 2022 मध्ये तर स्पीड वीकच रद्द झाला होता. तशा वर्षी इंजिन न चालताच वॉरंटीचे महिने संपतात.

आम्ही ते एका तिसऱ्याच मशीन शॉपमध्ये उघडून घेतलं. रॉड एच-बीम नव्हतेच. मूळ रॉड पॉलिश करून बसवले होते, बोल्टही जुनेच. पिस्टनच्या आतल्या बाजूला ओतकामाच्या खुणा स्पष्ट होत्या, म्हणजे तेही फोर्ज्ड नव्हते. तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग आपल्या जागेतच फिरून गेलेलं. बोअर गेज लावला तर आकडा आला 86.5. जुन्या ब्लॉकवरचे ओरखडे घालवायला त्याने अर्धा मिलिमीटर बोअर मारला होता. हिशेब करा: 2021 सीसी. म्हणजे इंजिन टिकून विक्रम झाला असता, तरी तपासणीत माप घेतल्यावर तो रद्द झाला असता आणि आम्ही थेट तीन लिटरवाल्यांच्या वर्गात गेलो असतो.

डायनोचा कागद क्रेटमध्ये आला होता, शेवटचा हप्ता भरल्यानंतर. त्यावर 8000 आरपीएमला 170 पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि 290 हॉर्सपॉवर छापलेली. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले 5252, एवढंच गणित आहे. उत्तर येतं 259. कोणत्याही खऱ्या आलेखात पौंड-फूट आणि हॉर्सपॉवर एकाच मापपट्टीवर काढले तर दोन्ही रेषा 5252 ला एकमेकींना छेदतात. याच्या कागदावर त्या 4700 च्या आसपास छेदत होत्या. कागद हातात आला की आधी हे बघा. मग करेक्शन, म्हणजे हवामानानुसार आकडा ठरावीक परिस्थितीला आणायचा हिशेब, कोणतं लावलंय ते विचारा, कारण एसटीपी ही पद्धत लावली की आकडा एसएई जे1349 या पद्धतीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी फुगतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर मारून झाला की गिऱ्हाईक समोर उभं असताना माप दाखवतात. इथेही तसंच मागा, बिल्डर कितीही नावाजलेला असो. पिस्टन, रॉड, बोल्ट स्वतः विकत घ्या, खोकी तुमच्या पत्त्यावर येऊ द्या आणि नंबर टिपून मग त्याला द्या. बोअर, स्ट्रोक, प्रत्येक बेअरिंगचा क्लिअरन्स आणि रिंग गॅप लिहिलेली बिल्ड शीट करारातच घाला. शेवटचा हप्ता डायनोवर तुमचा माणूस हजर असताना, आणि तोही कार्डानेच. सील न तोडण्याची अट कोणी घातली, तर तिथूनच परत फिरा.

कार्डाने भरलेला शेवटचा हप्ता आम्हाला परत मिळाला, कारण तो ताजा होता आणि मशीन शॉपचा लेखी अहवाल जोडला होता. बँकेतून गेलेले पैसे मिळालेले नाहीत. राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे अर्ज दिला आहे. त्या बिल्डरने दुकानाचं नाव बदलून पुन्हा ऑर्डर घ्यायला सुरुवात केली आहे, आणि जाहिरातीत आम्हाला पाठवलेला क्रँकचा तोच फोटो आहे.